पांढऱ्या रक्ताचा रंग

शेडमास्तरांच्या रंगखान्यात कपडा टाकायला जायचं आणि दहा मिनिटांत बाहेर पडायचं, हे आजवर कुणाला जमलेलं नाही. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. नवं गिऱ्हाईक आलं की मास्तर आधी त्याच्या अंगातल्या शर्टाची शेड कुठल्या डब्यातली ते सांगतात, आणि मग ती चढवणाऱ्यानं कुठे आळस केला तेही सांगतात. माणूस भला असेल तर हसतो, नसेल तर दुसरा रंगारी शोधतो. तीस वर्षं हेच चाललंय आणि तरी धंदा टिकलाय, तो केवळ हातामुळे. नमुना दाखवा, तीच शेड चढवून मिळेल.

पण गेल्या तीन महिन्यांत मास्तरांचा विषय बदलला होता. फिका पडलेला कोट काळा करून घ्यायला आलेल्या बिचाऱ्या माणसाला ते कढईवरची वाफ हातानं बाजूला सारत विचारायचे, "ल्युकेमिया म्हणजे काय, माहितीये?"

माणूस दचकायचा. कोटाचा आणि रक्ताच्या कॅन्सरचा काय संबंध, हे न कळून एक पाऊल मागे सरायचा.

"घाबरू नका हो, तुम्हाला काही झालेलं नाही. शब्दाचा अर्थ विचारतोय. ग्रीक शब्द आहे. ल्युकोस म्हणजे पांढरं, हायमा म्हणजे रक्त. पांढरं रक्त! आणि हे मला कुणी सांगितलं? माझ्या मुलीनं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त रंगवते ती."

"अहो, त्यांना आधी कोटाची पावती द्या," आतून बायकोचा आवाज यायचा. "त्यांची बस जाईल."

बस जायचीच. कारण मास्तरांची गोष्ट आत्ता कुठे सुरू झालेली असायची.

गोष्ट मुलीनं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जेवताना सांगितलेली होती. तिला ती लॅबच्या मोठ्या बाईंनी सांगितली होती. बाई म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टर; रिपोर्टवर सही त्यांची. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुठेतरी एक कौलं आणि फरशा चढवणारा गवंडी आजारी पडला आणि गेला. दुसऱ्या देशात पन्नाशीची एक स्वयंपाकीण तशीच गेली. दोघांचंही रक्त तपासलं, तर लालच्या जागी फिकट, पांढुरकं, पुवासारखं काहीतरी. पहिल्या डॉक्टरला वाटलं, रक्तात पू झालाय. पण स्वयंपाकिणीला तपासणारा डॉक्टर चोवीस वर्षांचा पोरगा होता. तो म्हणाला, पू होण्यासारखी जखम कुठे दिसत नाही. मला दिसतंय ते एवढंच, की रक्त पांढरं आहे. त्यानं तेवढंच लिहिलं, 'पांढरं रक्त'. दोन वर्षांनी त्याचंच ग्रीक करून टाकलं, आणि जगभर तेच नाव राहिलं.

मास्तरांनी घास हातातच धरला होता. "म्हणजे कारण माहीत नव्हतं, तर कारण सांगितलंच नाही त्यानं?"

"नाही. दिसलं तेवढं सांगितलं."

"शेड बघितली आणि शेडचं नाव दिलं. अस्सल रंगारी होता गं तो!"

मुलगी हसली आणि तिनं आणखी तेल ओतलं. "आणि बाबा, तेव्हा पेशी रंगवायला चांगले रंगच नव्हते. पांढऱ्या पेशी खूप आहेत एवढंच कळायचं. कुठली कसली ते कळायचं नाही. कापडासाठी नवे रंग निघाले, आणि मग डॉक्टरांनी तेच घेऊन पेशींवर घालून बघितले, तेव्हा तीसएक वर्षांनी कुठे एकेक जात वेगळी दिसायला लागली. आम्ही वापरतो ते इओसिन, मिथिलीन ब्लू, सगळं त्याच खानदानातलं."

हे ऐकल्यावर मास्तर ताटावरून उठलेच. मिथिलीन ब्लू! त्यांच्या वडिलांच्या वेळेचा एक गंजका डबा माळ्यावर होता. म्हणजे डॉक्टरांनी रंग नेले ते आमच्या दुकानातून! त्या रात्री बायकोला झोप लागेपर्यंत त्यांनी हे चार वेळा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांची पाळी आली.

खरं म्हणजे मुलगी लॅबचा कोर्स करते म्हणाली, तेव्हा मास्तर महिनाभर घुश्श्यात होते. एकुलती एक लेक. रंगखाना तिच्या हाती द्यायचा बेत त्यांनी ती दोन वर्षांची असतानाच करून ठेवला होता. पाचव्या वर्षी ती कढईतलं कापड कधी उलटायचं हे सांगायची, दहाव्या वर्षी ओल्या कापडावरून वाळल्यावरची शेड ओळखायची. असं पोर परक्या धंद्यात जायचं म्हणजे काय! पण त्या जेवणानंतर त्यांचा घुस्सा पार उतरला. पोर परक्या धंद्यात गेलीच नव्हती. त्याच धंद्याच्या वरच्या मजल्यावर गेली होती.

तर अशी तीन महिन्यांची मिरवणूक चालू असताना मुलगी घरात हळूहळू गप्प होत गेली. आधी लॅबमधलं सांगेनाशी झाली. मग मास्तरांनी विचारलं की "ठीक चाललंय" एवढंच. आईला वाटलं, थकत असेल. मास्तरांना वाटलं, मोठं काम आहे, डोक्यात घोळत असेल. गुरुवारी संध्याकाळी ती पाण्याचा ग्लास घ्यायला वाकली आणि मास्तरांची नजर तिच्या नखांवर गेली.

रंगाऱ्याला चेहऱ्यापेक्षा नखं आधी कळतात. पहिल्या महिन्यात तिच्या नखांच्या कडा जांभळट गुलाबी असायच्या. आता निळ्याकाळ्या होत्या.

"रंग बदलला का गं तुमच्याकडे?"

"नाही."

"मग शेड बदललीये."

मुलीनं ग्लास खाली ठेवला आणि तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, तिला रडू कोसळलं. मास्तरांनी तिला बारावीच्या निकालालाही रडताना पाहिलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. गेले तीन आठवडे तिच्या स्लाइड बिघडत होत्या. काचेवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, तो वाळवायचा, मग रंग द्यायचा, मग मोजून मापून पाणी. सगळं अगदी जसं शिकवलं तसं. तरी स्लाइड निळी मारायची. तांबड्या पेशी राखाडी दिसायच्या, आणि पांढऱ्या पेशींच्या आतलं केंद्रक म्हणजे नुसता शाईचा डाग. त्या डागाच्या आतली नक्षी दिसली नाही, तर पेशी कच्ची की पिकलेली हे कसं ओळखणार? आणि नेमका आज एक बसचालक आला होता. पस्तिशीचा माणूस, महिनाभर थकवा, पोटात डावीकडे जड वाटतंय म्हणाला. मशीननं पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर मोजल्या. असायला हव्यात दहा हजारांच्या आत. मोठा जंतुसंसर्ग की ल्युकेमिया, आणि ल्युकेमिया तर कुठला, हे मशीन सांगत नाही. त्याला स्लाइड लागते. मोठ्या बाईंनी तिच्या तिन्ही स्लाइड बघितल्या आणि बाजूला सारल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, काहींच्या हातात रंग बसतो, काहींच्या नाही बसत. तुझ्या नाही बसत." मुलीनं नाक पुसलं. "उद्या शेवटचं बघणार आहेत. नाहीतर सोमवारपासून मला खिडकीवर बसवणार. रक्त काढायचं आणि बाटलीवर लेबल लावायचं. टेबलावर परत नाही."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. आपल्या घराण्याच्या हातात रंग बसत नाही! तीन पिढ्यांत कुणाची हिंमत झाली नव्हती असं बोलायची.

"हात नाही, पाणी," ते ताडकन म्हणाले. "निळं मारतंय म्हणजे पाण्यात खार आहे. तुझ्या त्या हॉस्पिटलचं पाणी नासकं आहे."

"पाणी डिस्टिल्ड आहे, बाबा. त्यात बफरची गोळी घालते मी, आंबट-खार बरोबर राहायला, मोजून. रोज तपासते."

"मी तपासतो."

"तुम्ही यायचं नाही."

"मी येणार."

आई मध्ये पडली नाही. तिला दोघांचेही स्वभाव माहीत होते, आणि ते एकच होते.

शुक्रवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून लॅबच्या दारात उभे राहिले. खिशात त्यांची नेहमीची छोटी वही होती. वही कसली, कागदी पट्ट्यांचा गठ्ठा. पट्टी पाण्यात बुडवली की आंबट पाण्यात तांबूस होते, खारात निळी. मुलगी आत पांढऱ्या कोटात होती आणि बापाला बघून तिचे कान लाल झाले होते. लॅब म्हणजे मास्तरांच्या कल्पनेपेक्षा फारच लहान निघाली. एक लांब ओटा, एक मोरी, दोन मायक्रोस्कोप, कोपऱ्यात घरघरणारं मशीन, आणि खिडकीत वाळत ठेवलेली काचेची उभी भांडी. रंगखान्यासारखाच ओलसर वास.

मोठ्या बाई साठीच्या होत्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला. त्यांनी मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही तिचे वडील. रंगारी."

"हो."

"मुलांच्या नोकरीत आईवडील आलेले मला आवडत नाहीत."

"मलाही नाही आवडत," मास्तर म्हणाले. "पण बाई, रंग फिसकटला की मला घरी बसवत नाही. पाच मिनिटं द्या. तुमचं पाणी बघतो आणि जातो."

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. का कोण जाणे, त्यांनी मोरीकडे हात दाखवला. कदाचित उत्सुकता असेल. कदाचित मुलीला टेबलावरून काढायचं त्यांच्याही जिवावर आलं असेल.

मास्तरांनी डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमध्ये पट्टी बुडवली. ठीक. मुलीनं सकाळी तयार केलेल्या बफरच्या बाटलीत बुडवली. जशी हवी तशी, अगदी पुस्तकातल्यासारखी. त्यांनी दुसरी पट्टी फाडली, परत बुडवली. तीच शेड. मास्तरांचा चेहरा पडला. सगळ्या गल्लीत शेडमास्तर म्हणवून घेणारा माणूस, आणि पहिलाच अंदाज पाण्यात गेला होता.

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या, पण आवाजात तितका रोख नव्हता. "पाणी चांगलं आहे. मग उरलं काय?"

मुलगी ओट्याकडे बघत होती. तिच्या मानेची शीर ताणलेली मास्तरांना दिसली. तीन महिने हे पोर इथे उभं राहत होतं आणि आपण तिकडे कोटवाल्यांना गोष्टी सांगत होतो, याची त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटली की मास्तर नेहमीपेक्षा जास्त बोलतात.

"बाई, तुम्हीच पोरीला ती पांढऱ्या रक्ताची गोष्ट सांगितलीत ना?"

"सांगितली."

"त्यातला पहिला डॉक्टर पू म्हणाला. कारण त्याला पांढरं दिसलं आणि पू माहीत होता. तसं तुम्हाला निळं दिसलं आणि तुम्ही म्हणालात, हात वाईट. मला निळं ऐकू आलं आणि मी म्हणालो, पाणी वाईट. हात वाईट आहे हे कुणी पाहिलंय? पाणी वाईट नाही हे तर आत्ताच पाहिलं. आपण दोघंही पूच म्हणालो."

बाईंनी चष्मा नाकावरून काढला आणि दोरीवर सोडला.

"मग काय करायचं म्हणता?"

"तिला पहिल्यापासून करू दे. नळ सोडण्यापासून. मी बोलणार नाही, नुसता बघतो."

"हे तुम्हाला जमेल?" मुलगी पहिल्यांदाच बोलली. बाई हसल्या, आणि मास्तर रागावले नाहीत, हे विशेष.

मुलीनं काम सुरू केलं. मास्तर मोरीजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. तिचा हात बघून त्यांचं मन भरून आलं. काचेवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेनं तिनं एका ओढीत तो पसरवला; थर कडेला पातळ होत होत पिसासारखा संपला. इतका सारखा हात त्यांनी स्वतःच्या वडिलांचाही पाहिला नव्हता. या हातात म्हणे रंग बसत नाही! पण ते बोलले नाहीत. थर वाळेपर्यंत तिनं खिडकीतलं एक भांडं उचललं, उजेडाकडे धरून बघितलं आणि बफर ओतायला बाटली पुढे ओढली.

"भांडं कुणी धुतलं?" मास्तरांनी विचारलं. न बोलण्याचं वचन तिथेच मोडलं.

"मीच. आधी एक काका धुवायचे, ते महिन्याभरापूर्वी रिटायर झाले. दुसऱ्या कुणावर सोडायला मन होईना." ती जरा ताठ झाली. "भांडीही धुते आणि स्लाइडही. आदल्या दिवशी भिजत घालते, सकाळी विसळते. बाई सगळ्यांना दाखवतात, भांडी कशी असावीत म्हणून."

"खरंच आहे," बाई म्हणाल्या. "आरशासारखी असतात."

"कशात भिजत घालतेस?"

मुलीनं खाली वाकून मोरीखालचा पत्र्याचा डबा ओढून दाखवला. झाकण काढायची गरज नव्हती. डबा मास्तरांच्याच दुकानातला होता. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'सोडा'.

धुण्याचा सोडा! नवा रंग धरायच्या आधी भांडं सोड्यानं घासायचं, मग एकदा विसळायचं, एकदाच. थोडा अंश मागे राहिला तर राहू द्यायचा, सुती कापडाला तो मानवतोच, रंग उलट घट्ट धरतो. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. पाच वर्षांच्या पोरीला स्टुलावर उभं करून, तिच्या हातावर हात धरून शिकवलं होतं, आणि तिनं दोनदा विसळलं तर ओरडलेही होते.

त्यांनी पट्टी काढली, मुलीच्या हातातल्या भांड्यात बाटलीतलं दोन बोटं पाणी ओतलं आणि पट्टी त्यात बुडवली. बाटलीत पट्टी बरोबर आली होती, इथे ती बघता बघता गडद निळी झाली.

बाईंनी पट्टी हातात घेऊन खिडकीशी नेली. मुलीनं भांडं ओट्यावर ठेवलं आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले; तिला कळलं होतं.

"बाटलीत तपासत होते," ती हळू म्हणाली. "भांड्यात कधीच तपासलं नाही."

"चूक माझी आहे, बाई," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी शेवटचं कधी उच्चारलं होतं ते त्यांच्या बायकोलाही आठवलं नसतं. "हे तिला मी शिकवलंय. माझ्या कढईत हे बरोबर आहे. तुमच्या काचेत नाही. तिनं आळस केला असता, भांडी नुसती पाण्यानं विसळली असती, तर तुमच्या स्लाइड उत्तम आल्या असत्या. ती जास्त नीट वागली म्हणून बिघडल्या."

"धुतली मी, बाबा."

"शिकवलं मी."

"तुम्ही कापडासाठी शिकवलं होतं. काच आणि कापड वेगळं हे मला कळायला हवं होतं."

"हे घरी जाऊन वाटून घ्या," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मुलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी तुला हाताबद्दल जे म्हणाले ते न बघता म्हणाले. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, दिसेल तेच लिहा. मला ते म्हणायला नको होतं."

मुलीनं कपाटातून कधी न वापरलेली नवी भांडी काढली, डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळली, आणि प्रत्येक भांड्यात मास्तरांकडून घेतलेली एकेक पट्टी बुडवली. नव्या स्लाइडचं पाकीट फोडलं. बसचालकाच्या बाटलीतून थेंब घेतला. थर ओढला, वाळवला, रंग घातला, घड्याळ लावलं. मग वर पाणी घातलं, तशी रंगावर तांब्याच्या झळाळीची बारीक साय धरली. ती साय बघून मास्तरांनी नकळत मान हलवली. रंग पेटला की असंच दिसतं, कढईतही.

तिनं स्लाइड धुऊन उभी केली. वाळल्यावर उजेडाकडे धरली, तेव्हा मास्तरांनी दोन हात लांबून शेड सांगितली, "फिकट जांभळट गुलाबी. ही तुझी पहिल्या महिन्याची."

"हीच," बाई म्हणाल्या.

मग असं झालं की बाईंनी मायक्रोस्कोप स्वतःकडे ओढला नाही. त्यांनी स्टूल मुलीकडे सरकवलं.

"आधी तू वाच. मी नंतर बघेन."

मुलगी बसली. तिच्या डाव्या हाताखाली मोजणीचं छोटं यंत्र होतं, पेशींच्या जातीप्रमाणे एकेक खटका. खट, खट, खट. मधेच ती स्लाइड सरकवायची, थांबायची, परत खट. मास्तरांना एक मिनिट डोळा लावू देण्याइतपत बाई मऊ झाल्या होत्या, तेव्हा त्यांनीही पाहिलं. गुलाबी पेशींच्या गर्दीत मोठ्या जांभळ्या पेशीच पेशी. आतलं केंद्रक कुठे गोल, कुठे घडी घातलेलं, कुठे तुकडे पडलेलं. आत दाणे, तांबूस, निळे, एकेक सुटा मोजता येईल असा. आयुष्यभर त्यांनी चादरी आणि पडदे रंगवले होते. एवढ्याशा जागेत एवढ्या शेड असतात आणि त्या आपल्या पोरीनं चढवल्यात, हे बघून त्यांचे डोळे भरले आणि त्यांना काहीच दिसेनासं झालं. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते उगाच भिंगालाच डोळा लावून राहिले.

"बाबा, सरका."

शंभर झाल्यावर तिनं वर बघितलं. तिच्या आवाजात आता कालचं काही उरलेलं नव्हतं. "सगळ्या पायऱ्या दिसतायत. अगदी कच्च्या पेशी थोड्या, शंभरात दोन. त्यापुढच्या मधल्या पुष्कळ, पिकलेल्या सर्वांत जास्त. बेसोफिल सात. संसर्गात असतात तसे ठळक काळपट दाणे नाहीत. प्लेटलेटही वाढल्यात."

बाईंनी डोळा लावला. त्यांना बघायला बराच वेळ लागला. त्यांनी स्लाइडची ही कड, ती कड, परत मधला भाग बघितला. मास्तरांना त्या आकड्यांतलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण सांगण्याची ढब कळली होती. शंका नसलेला कारागीर शेड सांगतो तसं ती बोलली होती.

"शंभरात दोन," बाई म्हणाल्या. "मलाही तेवढंच वाटतंय. जुनाट प्रकारचा ल्युकेमिया दिसतोय. मोठ्या हॉस्पिटलात जनुकांची तपासणी करून खात्री करतील. पण चिठ्ठी आजच देता येते, सोमवारपर्यंत थांबायला नको. या प्रकाराला आता रोजची गोळी आहे. माणसं वर्षानुवर्षं कामावर जातात." त्यांनी पेन उघडलं आणि रिपोर्टवर सही करण्याआधी कागद मुलीकडे वळवला. "स्लाइड कुणी केली, त्या जागी तू सही कर. खिडकीवर कुणाला तरी दुसऱ्याला बघावं लागेल. मास्तर, तुम्ही आता बाहेर बसा. पेशंटला आत घ्यायचंय."

मास्तर निघाले. दारात त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मुलगी कागदावर वाकून सही करत होती, नखं अजून निळीच, आणि जीभ दातांत धरलेली, लहानपणी धरायची तशी.

बाहेर बाकावर एकच माणूस होता. खाकी गणवेश, खिशाला बसचालकाचा बिल्ला, चेहरा कागदासारखा. मास्तर त्याच्या शेजारी बसले. कुणाच्याही शेजारी बसले की ज्यांचं तोंड आपोआप सुरू होतं, ते शेडमास्तर हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसले. तीन महिने जो शब्द त्यांनी येईल त्याला गमतीनं विचारला होता, तो आता शेजारच्या माणसाच्या कागदावर लिहिलेला होता, आणि त्या माणसाला तो अजून कुणी सांगितला नव्हता.

"तुमचाही रिपोर्ट आहे का?" चालकानं विचारलं.

"नाही. मुलगी आत आहे."

"आजारी?"

"नाही, नाही. काम करते."

चालकानं मान हलवली. मग थोड्या वेळानं म्हणाला, "काल म्हणाले, नीट दिसत नाहीये, उद्या या. रात्रभर डोळा लागला नाही हो. आता जे काही असेल ते असो, पण निदान खरं काय ते कळू दे. चुकीचं काही सांगितलं तर माणूस काय करणार?"

मास्तरांच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. गोळीची आली, बाईंची आली, गवंड्याची आणि स्वयंपाकिणीची आली. त्यांनी एकही सांगितली नाही. ते सांगणं त्यांचं काम नव्हतं, आणि हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इतकं स्वच्छ कळलं होतं. दार उघडलं. मोठ्या बाईंनी चालकाला आत बोलावलं, स्वतः दार धरून.

तो उठला आणि तिथेच थबकला. मास्तर त्याच्याबरोबर उठले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जा तुम्ही. आत काय लिहिलंय ते बाई सांगतील," ते म्हणाले. "पण जे लिहिलंय ते खरं असेल. एवढं मी सांगतो."

"तुम्हाला काय माहीत?"

"रक्त माझ्या मुलीनं रंगवलंय," शेडमास्तर म्हणाले.